परदेशी निघालेल्या फिजिओथेरपिस्टचा अर्ज इतिहासाचं साधन म्हणून कसा वाचायचा?

स्थलांतरावर संशोधन करायचं ठरलं की आपल्यापैकी बरेच जण आधी प्रश्नावली तयार करायला बसतात. ‘तुम्ही परदेशी का गेलात?’ उत्तरं ठरलेली येतात: पगार, संधी, मुलांचं शिक्षण. ती खोटी नसतात, पण त्यांवर प्रबंध उभा राहत नाही. म्हणून आज तुम्हाला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला सांगतेय. माणसाला प्रश्न विचारण्याआधी त्याला भरावा लागलेला अर्ज वाचा. उदाहरणासाठी फिजिओथेरपिस्ट घेऊया, कारण या व्यवसायाच्या अर्जातले रकाने जुन्या भांडणांमधून आलेत.

पहिलं भांडण लंडनचं, १८९४ सालचं. मसाजच्या नावाखाली शहरात वेश्याव्यवसाय चालतो, अशी ओरड ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्या वर्षी केली. रुग्णालयांत आणि घरोघरी प्रामाणिकपणे मसाजचे उपचार करणाऱ्या बायकांची त्यात फरफट झाली. त्यांच्यातल्या चौघींनी, ज्यांत रोझालिंड पॅजेट होत्या, ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ ही संस्था काढली. तिचे नियम बघा: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मसाज करायचा नाही, पुरुषांना तर डॉक्टरांच्या खास सूचनेशिवाय नाहीच, वैद्यकीय नियतकालिकं सोडून कुठे जाहिरात द्यायची नाही, रुग्णांना औषधं विकायची नाहीत. सोबत परीक्षाही सुरू केल्या. म्हणजे हाताला कौशल्य आहे आणि बाई ‘चांगल्या घरातली’ आहे, या दोन्हींचा दाखला एकाच यादीत नाव असण्यावर आला.

ही यादीच पुढे वाढत गेली. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, १९६० मध्ये कायदा होऊन सरकारमान्य नोंदणी आली. १९७७ च्या एका सरकारी परिपत्रकाने उपचार कोणता आणि कसा, हे ठरवायचा अधिकार फिजिओथेरपिस्टकडे असल्याचं मान्य केलं. डॉक्टरांच्या आज्ञेत राहण्याची शपथ घेऊन जन्मलेल्या व्यवसायाला तिथवर पोचायला ८३ वर्षं लागली! आज ब्रिटनमध्ये ‘हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल’च्या नोंदवहीत नाव नसताना स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवणं हा गुन्हा आहे.

आता परळला या. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लुळ्या पडलेल्या हातापायांना महिनोन्महिने व्यायाम द्यायला माणसं हवी होती आणि ती नव्हती. राज्य सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, देशातली पहिली.

लंडनमध्ये प्रश्न होता ‘खरं कोण आणि तोतया कोण?’ परळमध्ये प्रश्न होता ‘वॉर्डात उद्या सकाळी कोण येणार?’ माझ्या मते दोन्हीकडच्या व्यवसायांची पुढची वाटचाल याच फरकाने ठरवली. इथे शाळा रुग्णालयाच्या आतच होती, शिकून बाहेर पडलेला माणूस कोण, हे नेमणारा ओळखत होता. मग वेगळ्या नोंदवहीची निकड कोणाला वाटणार? १९५५ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ स्थापन झाली, पण ती संघटना. सभासद व्हायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. महाराष्ट्राने या शतकाच्या सुरुवातीला कायदा करून आपली परिषद उभी केली, दिल्लीनेही केली, पण अनेक राज्यांत काहीच नव्हतं. देशपातळीवरचा कायदा आला २०२१ मध्ये. १९५३ ते २०२१, म्हणजे ६८ वर्षं.

परदेशी निघालेला माणूस ही ६८ वर्षं बरोबर घेऊन जातो. अर्जात ‘तुमच्या देशातली नियामक संस्था’ असं विचारलं असेल, तर जिथे परिषदच नाही अशा राज्यातल्या मुलीने तिथे काय लिहायचं? साडेचार वर्षांची पदवी आहे, हाताखालून शेकडो गुडघे आणि पाठी गेल्यात, पण १८९४ च्या लंडनने विचारलेल्या प्रश्नाला तिच्या देशाने उत्तरच तयार ठेवलेलं नाही. मग अभ्यासक्रमाचे तपशील, प्रत्यक्ष रुग्णांवर काम केल्याचे तास, जुन्या विभागप्रमुखांच्या सह्या, असं सगळं ती स्वतःच जमवत बसते.

इथे आणखी एक गल्लत होते, आणि ती महाग पडते. ब्रिटनमधली सगळी एमएस्सी सारखी नसते. नोंदणीपूर्व अभ्यासक्रम पूर्ण केला की नोंदणीसाठी अर्ज करता येतो. आधीच पात्र असलेल्यांसाठीचा प्रगत अभ्यासक्रम मात्र एकट्याने नोंदणी मिळवून देत नाही; तुमची भारतातली पदवी वेगळी तपासून घ्यावीच लागते. नावं जवळजवळ सारखीच, फी दोन्हींची भरभक्कम. कर्ज काढून गेलेला माणूस मग नोंदणी होईपर्यंत सहायक म्हणून राबतो. मुलाखती घ्याल तेव्हा हा मधला काळ जरूर विचारा. ‘परदेशी गेला’ आणि ‘परदेशी फिजिओथेरपिस्ट झाला’ या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि आपल्या तक्त्यांत बहुतेकदा पहिलीच असते.

अमेरिकेची गोष्ट निराळी. तिथे या व्यवसायाचा पाया घालणारी मेरी मॅकमिलन स्वतः इंग्लंडमध्ये शिकून अमेरिकेत आलेली. १९२१ मध्ये तिथली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा पहिली अध्यक्षही तीच. पुढे तिथे तुटवडा इतका झाला की इमिग्रेशनच्या नियमांत नर्सेसबरोबर फिजिओथेरपिस्टना आधीच ‘कमतरता असलेला व्यवसाय’ ठरवून ठेवलं गेलं. १९९० च्या दशकात भारत, फिलिपिन्स अशा देशांमधून भरती झाली. १९९६ च्या कायद्याने परदेशी शिक्षणाची वेगळी तपासणी सक्तीची केली. आणि १९९७ मध्ये खर्चकपातीचा कायदा झाला: मेडिकेअरमधून बाह्यरुग्णांच्या फिजिओथेरपी व वाचा-उपचारासाठी मिळून माणशी वर्षाला १,५०० डॉलरची मर्यादा. ती १९९९ च्या जानेवारीत लागू झाली आणि नोकऱ्या आटल्या.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एवढंच म्हणेन की उपकरणाचं रीडिंग घेण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे आपण बघतोच ना? तसंच इथे. १९९९ मध्ये कमी लोक गेले असं आकड्यांत दिसलं, तर मुंबईतल्या पगारांत कारण शोधण्याआधी वॉशिंग्टनमधला कायदा उघडा.

साधनांचं म्हणाल तर ब्रिटिश संस्थेची जुनी कागदपत्रं लंडनच्या ‘वेलकम कलेक्शन’मध्ये नीट लावून ठेवलेली आहेत. यादी ठेवणाऱ्यांनी कागदही ठेवले. आपल्या बाजूला सुरुवात महापालिकेच्या जुन्या अहवालांपासून आणि घरोघरच्या फायलींपासून करावी लागेल: नेमणूकपत्रं, नाकारलेल्या अर्जांची उत्तरं, विमानाची तिकिटं. केईएमच्या पहिल्या तुकड्यांमधले जे कोणी हयात असतील, ते आता नव्वदीच्या आसपास आहेत. प्रश्नावली नंतर करा. आधी त्यांना फोन करा.