नकाशाचा रंग आणि मुलखाचे हक्क : जुन्या बडोदे राज्याचा एक भौगोलिक विचार



ही व्याख्यानमाला भूगोलाच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. तेव्हा इतिहासातला विषय घेऊनही तो नकाशाच्या वाटेने मांडावा, असे मी ठरविले.

शाळांच्या भिंतींवर ‘मराठी सत्तेचा विस्तार, इ. स. १७६०’ अशा मथळ्याचा एक नकाशा असतो. तंजावरपासून पंजाबपर्यंत भगव्या रंगाचे पट्टे त्यात दाखविलेले असतात, आणि गुजराथेवर तर तो रंग सलग पसरलेला असतो. बडोद्यासारख्या ठिकाणी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना तो नकाशा पाहून अभिमान वाटतो, आणि तो अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु गुजराथेपुरता हा सलग रंग आपली दिशाभूल करतो. मराठ्यांची गुजराथेतील सत्ता कशी होती हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याऐवजी बडोदे राज्याचा नकाशा समोर ठेवावा.

तो नकाशा प्रथम पाहणारा माणूस गोंधळतो. एका राज्याऐवजी त्याला तुकड्यांचा पसारा दिसतो. उत्तरेस कडी प्रांत. त्यात पाटण, सिद्धपूर, वडनगर, विसनगर. मध्यभागी खुद्द बडोदे प्रांत. दक्षिणेस नवसारी प्रांत, तोही सुरत जिल्ह्याच्या गावांत गुंतलेला. पश्चिमेस काठेवाडात अमरेली, धारी, दामनगर, कोडीनार असे एकमेकांपासून सुटे महाल, आणि द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला ओखामंडळ, म्हणजे द्वारका व बेट. राजधानीपासून द्वारका चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. एकूण क्षेत्रफळ आठ हजार चौरस मैलांच्या आसपास. पण घोड्यावर बसून राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालेल्या माणसाला इंग्रजी जिल्हे आणि इतर संस्थाने किती वेळा ओलांडावी लागत, याची मोजदाद त्यानेच करावी.

भूगोलशास्त्र ‘प्रदेश’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरते. जमीन, पाऊस, पीक यांत सारखेपणा असलेला भूभाग हा एक प्रकार. मही आणि शेढी-वात्रक यांच्या मधला चरोतर हा असा प्रदेश आहे. बडोद्याच्या दक्षिणेचा काळ्या मातीचा, कापसाचा कानम हाही तसाच. दुसऱ्या प्रकारात एखाद्या केंद्राकडे लोकांची ये-जा, व्यापार, पैसा वाहत असतो, आणि त्या वाहण्याने प्रदेश बांधला जातो. तिसरा प्रकार राज्यकारभाराचा. त्याला सीमा असते आणि सीमेच्या आत एकच हुकूम चालतो. बडोदे राज्य तिसऱ्या प्रकारचे खरे, परंतु पहिल्या दोन प्रकारांशी त्याचा मेळ जवळजवळ कुठेच बसत नव्हता. असे का झाले, हा आजचा प्रश्न.

याचे उत्तर अठराव्या शतकात आहे. पिलाजीराव गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड, म्हणजे तापीकाठच्या जंगलातला डोंगरी किल्ला. तेथून खालच्या सुपीक मैदानावर उतरायचे, चौथ आणि सरदेशमुखी वसूल करायची, आणि पावसाळ्याआधी परतायचे, असा प्रारंभीचा क्रम होता. चौथ म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. हे दोन्ही हक्क उत्पन्नावरचे होते. जमीन मोगलांच्या सुभ्याची, गाव पाटलाचे किंवा गिरासियाचे, आणि त्यातला एक वाटा मराठ्यांचा! अशा हक्काला नकाशावर कोणता रंग द्यावयाचा? एकाच गावावर तीन-चार सत्तांचे हक्क एकावर एक चढलेले असत. त्यातच दाभाडे सेनापती आणि पेशवे यांच्यात गुजराथेच्या वसुलीवरून तेढ वाढली, आणि १७३१ मध्ये डभईजवळच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले. पुढल्याच वर्षी पिलाजीराव डाकोर येथे दग्याने मारले गेले. १७३४ मध्ये बडोदे शहर गायकवाडांच्या हाती कायमचे आले.

निर्णायक घटना १७५१ नंतरची. ताराबाईंच्या पक्षाला मिळून दमाजीराव गायकवाड साताऱ्याकडे चालून गेले, बाळाजी बाजीराव पेशव्यांच्या कैदेत पडले, आणि सुटकेची किंमत म्हणून त्यांना गुजराथेची निम्मी वाटणी कबूल करावी लागली. शिवाय दर साल पाच लक्ष पंचवीस हजार रुपये आणि गरज पडेल तेव्हा दहा हजार स्वारांची चाकरी. यातली ‘निम्मी’ हा शब्द विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावा. ही वाटणी एखादी नदी किंवा डोंगराची रांग धरून झाली नाही. महालांच्या याद्या पुढे ठेवल्या गेल्या, प्रत्येकाचा आकार पाहिला गेला, आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी होईल अशा रीतीने हा महाल पेशव्यांकडे, तो गायकवाडांकडे असे ठरले. (येथे ‘आकार’ म्हणजे आकारणीचा रुपया, नकाशावरचा आकार कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.) हिशेब चोख झाला. मुलखाची मात्र भातशेतीच्या खाचरांसारखी अवस्था झाली. १७५३ मध्ये अहमदाबाद घेतले गेले, तेव्हा त्या एका शहरातही दोघांचा अंमल वाटून राहिला. तेथली गायकवाडांची हवेली अजून उभी आहे.

नकाशे त्या काळी आपल्याकडे नव्हतेच असे समजण्याचे कारण नाही. बंगालचा पहिला सर्व्हेयर जनरल जेम्स रेनेल याने हिंदुस्थानचा नकाशा तयार करताना सदानंद नावाच्या एका ब्राह्मणाने काढलेला गुजराथचा नकाशा उपयोगात आणला, आणि त्या माणसाच्या बुद्धीची वाखाणणीही केली. मराठी कारभाराला मात्र नकाशापेक्षा यादी अधिक उपयोगी होती. ज्याला रुपये मोजायचे आहेत, त्याला रेषा आखून काय करावयाचे?

रेषा आली ती इंग्रजांबरोबर. १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी गायकवाडांनी अकरा लक्ष सत्तर हजारांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. त्यात धोळका आणि नडियाद गेले. पेटलाद राहिले. १८१७-१८ मध्ये पेशव्यांचा गुजराथेतील वाटा आणि अहमदाबाद इंग्रजांकडे गेले. म्हणजे पुण्याच्या दरबारात रुपयांच्या हिशेबाने केलेली वाटणी इंग्रजांनी वारसाहक्काने उचलली, आणि तिच्यावर मोजणीदारांनी साखळी धरून पक्की सीमा आखली. पूर्वीचा हक्कांचा गुंता आता जमिनीचा गुंता झाला.

पेटलाद आणि नडियाद यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. दोन्ही चरोतरात. तीच गोराडू माती, तीच तंबाखू, तेच पाटीदार कुणबी, एकमेकांत सोयरिकी. पण नडियाद खेडा जिल्ह्यात, म्हणजे मुंबई सरकारच्या कायद्याखाली, पेटलाद गायकवाडीत. शेजारच्या दोन गावांत शेतसाऱ्याची मोजणी वेगळी, अबकारीचा नियम वेगळा, कोर्ट वेगळे. एका बाजूला गुन्हा करून दुसऱ्या बाजूला जाणे फारसे कष्टाचे नव्हते, आणि दोन्हीकडच्या पोलिसांचा बराच पत्रव्यवहार याच कारणाने होत असे. निसर्गाने एक केलेला प्रदेश महसुली यादीने कापला, तो असा.

काठेवाडात तर जमीन वाटण्याचाही प्रश्न प्रथम नव्हता. तेथे मुलुखगिरी चाले. फौज दरसाल फिरायची आणि ठाकोरांकडून खंडणी घ्यायची. खंडणी मिळाली नाही तर उभी पिके जात. आपण या मोहिमांच्या कथा पराक्रम म्हणून वाचतो. काठेवाडातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या काय होत्या, हेही इतिहास शिकवताना सांगितले पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. १८०७ मध्ये कर्नल वॉकरने गायकवाडांच्या फौजेसह जाऊन खंडणीचे आकडे कायम केले, आणि १८२० मध्ये तेथे फौज न पाठविण्याचे गायकवाडांनी मान्य केले. अमरेलीचे महाल तेवढे जमिनीच्या रूपाने राहिले. विठ्ठलराव देवाजींनी अमरेलीला कारभाराचे ठाणे बनविले होते. त्याच सुमारास ओखामंडळ गायकवाडांकडे आले.

हे केवळ गुजराथेत घडले असे नाही. माळव्यात देवासला पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातींनी आपसांत इतकी काटेकोर वाटणी केली होती की, शहरातल्या रस्त्याची एक बाजू एका राज्यात आणि दुसरी दुसऱ्यात.

तिसरे सयाजीराव महाराज १८८१ मध्ये स्वतः कारभार पाहू लागले, तेव्हा त्यांच्या हाती हा असा नकाशा आला होता. प्रांतावर सुभा, महालावर वहिवाटदार अशी सारखी रचना त्यांनी दृढ केली. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये झाला तो राजधानीत नव्हे, दूरच्या अमरेलीत. १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू झाला. पुढे फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव गेल्या. तुकड्यांना एक राज्य बनविणारी वस्तू यात असेल तर ती शाळा होती, असे मला वाटते. रेल्वेला ते साधले नाही. डभई-मियागाम ही १८६२ ची छोटी गाडी, जिला आरंभी बैल जुंपीत, तिच्यापासून गायकवाडी रेल्वे वाढत गेली. पण मेहसाण्याच्या फाट्यांची डभईच्या फाट्यांशी गाठ पडावयाची ती इंग्रजी कंपनीच्या मुख्य मार्गानेच. नवसारीचा व्यापारी सुरत-मुंबईकडे पाही, पाटणचा अहमदाबादेकडे. बडोदे हे हुकमाचे केंद्र होते. बाजाराचे केंद्र ते साऱ्या राज्याला कधी झाले नाही.

निसर्गही सीमा मानीत नव्हता. छप्पनच्या दुष्काळाने हे निष्ठुरपणे दाखविले. १८९१ मध्ये राज्याची लोकसंख्या २४ लक्ष १५ हजारांवर होती. १९०१ मध्ये ती १९ लक्ष ५३ हजारांपर्यंत खाली आली. म्हणजे शंभरांतली एकोणीस माणसे कमी झाली. कडीच्या कोरड्या मैदानाला मोठा तडाखा बसला, पावसाच्या नवसारीला त्या मानाने थोडा. हुकूम एक, तिजोरी एक, पण मृत्यूचे प्रमाण पर्जन्यरेषांप्रमाणे बदलत गेले.

आता आपल्या लोकांविषयी. मराठी वस्ती या राज्यात कधी सलग पसरली नाही. लोकसंख्येच्या वितरणाचा नकाशा ठिपक्यांनी काढला, तर मराठीचा दाट पुंजका बडोदे शहरात पडेल, रावपुरा आणि दांडिया बाजाराच्या आसपास. बाकी थोडे ठिपके जेथे कचेरी होती तेथे. शेत मराठी नव्हते, दप्तर मराठी होते. गावाची भाषा गुजराथीच राहिली, आणि सयाजीरावांनी तिला राज्यकारभारात मान दिला, हे त्यांचे शहाणपण. त्याच बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये मराठी साहित्य संमेलने भरली, आणि पुन्हा २०१८ मध्येही. गुजराथी मुलखाच्या मध्यावर मराठीचे एवढे मोठे केंद्र उभे राहिले ते त्या ठिपक्याच्या दाटपणामुळे; भोवतालच्या प्रदेशाने त्याला आधार दिला तो सहिष्णुतेचा.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले. काठेवाडातील बहुतेक संस्थानांचे सौराष्ट्र हे निराळे राज्य झाले होते, तरी अमरेली मुंबई राज्याचा जिल्हा बनून त्याच्या पोटात बेटासारखी राहिली. गायकवाडी गेली तरी १७५३ चा हिशेब आणखी काही वर्षे नकाशावर टिकला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने सौराष्ट्र मुंबई राज्यात आले, आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, हा सगळा मुलूख गुजराथ राज्यात गेला. त्यानंतर तुकडे शेजाऱ्यांत मिसळले. पेटलाद आता आणंद जिल्ह्यात, नडियाद खेड्यात. सोनगड २००७ पासून तापी जिल्ह्यात. कोडीनार २०१३ पासून गीर सोमनाथमध्ये, आणि ओखामंडळ त्याच वर्षी झालेल्या देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे. बडोदे, मेहसाणा, अमरेली आणि नवसारी ही चार नावे जिल्ह्यांच्या यादीत अजून आहेत. त्यांच्या सीमा मात्र वेगळ्या आहेत.