चकाकीचा इतिहास: फ्लेक्सवरच्या नावापासून फोनच्या काचेपर्यंत

आज इतिहासच, पण राजा-महाराजांचा नाही. आज चकाकीचा.

आमच्या ताडकळसला या किंवा परभणीत फिरा, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स दिसणारच. नाव असं चमकतं, जणू काचेत ओतलंय. मी सॉफ्टवेअरवाला, स्क्रीनवरची बटणं बनवणारा. मला प्रश्न पडला, ही काच आली कुठून?

नव्वदच्या दशकात डीटीपीवरून छपाईला जाणारी भाषा होती पोस्टस्क्रिप्ट. तिला पारदर्शकता माहीतच नव्हती. रंगावर रंग ठेवला की खालचा झाकला गेला! मग चमक दाखवायला 'ब्लेंड' करायचे. एक गडद आकार, एक फिका आणि मध्ये कितीतरी पायऱ्या. लांबून गुळगुळीत, जवळून पट्टे.

२००० साल उजाडलं आणि चित्र पालटलं. जानेवारीत ॲपलनं 'ॲक्वा' दाखवलं, थेंबासारखी बटणं. त्याच वर्षी इलस्ट्रेटर ९ मध्ये पारदर्शकता आली. २००१ मध्ये पीडीएफ १.४ नंही ती स्वीकारली. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या खिडक्यासुद्धा काचेच्या झाल्या.

आता युक्ती ऐका. कोरलमध्ये अक्षराला फाउंटन फिल द्यायचा, वर गडद, खाली उजळ. वरच्या अर्ध्या भागावर पांढरा लंबगोल, ट्रान्सपरन्सी टूलनं खाली विरत नेलेला. तो पॉवरक्लिपनं अक्षरात बसवायचा. झालं!

पण खाली उजळ का? उजेड तर वरून येतो ना? इथंच खरी गंमत आहे. लाकडी चेंडूची खालची बाजू अंधारात राहते. काचेच्या गोटीत मात्र उजेड आत शिरतो, वाकतो आणि पलीकडं गोळा होतो. म्हणून गोटी खालून उजळते. हे ज्यानं ओळखलं त्याची काच खरी वाटते, बाकीच्यांचं नुसतं प्लॅस्टिक.

मग २०१३ आलं. आयओएस ७ नं सगळं सपाट केलं आणि चकाकी म्हणजे गावठी, असं ठरून गेलं. शहरातल्या डिझायनरनी ती टाकली, गावातल्या फ्लेक्सवाल्यांनी नाही. कारण गिऱ्हाईकाला आपलं नाव रस्त्यापलीकडून उठून दिसायला हवं होतं. ते चूक नव्हते.

आणि जून २०२५ मध्ये ॲपलनंच 'लिक्विड ग्लास' आणलं! आता ही काच चित्रात रंगवलेली नाही. मागं जे असेल ते फोन त्या क्षणी वाकवून दाखवतो. पण नियम तोच, गोटीचा.

मला वाटतं, फॅशन कोण ठरवतं आणि हुन्नर कोण टिकवतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीटीपीच्या खुर्चीत बसून जो पोरगा हा उजेड नेमका बसवतो, त्याला आपण डिझायनर म्हणत नाही. म्हणायला पाहिजे.

पुढचा फ्लेक्स दिसला की नाव कुणाचं ते नंतर वाचा. आधी बघा, अक्षर खालून उजळतंय का?

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!