पर्वतीय सायकलीचे पूर्वरूप

बंगळुरात १८९८ साली प्लेगने हाहाकार माजविल्यावर, दाट वस्तीतील रयतेला मोकळी हवा लाभावी या हेतूने म्हैसूर दरबाराच्या अमलात जी बसवनगुडी वसविली गेली, तिच्या सरळ, वृक्षाच्छादित रस्त्यांना साधी बिनगियरची सायकलच सर्वथा अनुरूप होय. पुढे १९४९ मध्ये मद्रासेत स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्ससारख्या कारखान्यांनी हेच वाहन सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आणले.

पर्वतीय सायकलही मुळात अशाच साध्या सायकलीतून उपजली; तिचा वंशवृक्ष पाहता, १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या तरुणांनी १९३०-४०च्या काळातील जाड टायरांच्या, श्विन कंपनीच्या बिनगियरच्या सायकलींना गियर व भक्कम ब्रेक जोडून तिला जन्म दिला. म्हणून आज जुन्या पर्वतीय सायकलीचे गियर उतरवून, मागे एकच दंतचक्र बसवून, साखळी आखूड करून आणि दोन्ही दंतचक्रे एका रेषेत आणून तिला संथ विहाराचे वाहन बनविणे, हे तिच्या मूळ स्वरूपाचेच पुनरुज्जीवन ठरते. मागील चाक पुढेमागे सरकण्याची सोय सांगाड्यात नसेल, तर साखळी ताणणारी चकती मात्र अवश्य लावावी.

ज्यांच्या घरी अशी सायकल धूळ खात पडली असेल, त्यांनी ती भंगारात न देता तिचा असा जीर्णोद्धार करावा.