ग्रंथ, ग्रह आणि तंजावरचे सरफोजीराजे

मोरा बंदरावर रात्री उभे राहिले की समुद्रावरचे आकाश फार जवळ वाटते. अशा वेळी आम्हांला एका मराठी राजाचे स्मरण होते. त्याचे राज्य गेले; आकाशाची ओढ मात्र गेली नाही.

व्यंकोजीराजांनी तंजावरास स्थापिलेल्या भोसले घराण्यात सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) दत्तक आले. १७८७ साली तुळजाराजे निवर्तले, तेव्हा हे बालक दहा वर्षांचेही नव्हते. गादीवर चुलते अमरसिंग बसले. जर्मन लुथरन मिशनरी श्वार्ट्झ यांनी या पोरक्या मुलाचा कैवार घेतला व त्याला पाश्चात्त्य विद्येची गोडी लावली. १७९८ साली राजांना गादी मिळाली, परंतु पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. उरला तो किल्ला, तनखा आणि मोकळा वेळ.

त्या वेळेचे राजांनी सोने केले. युरोपातून ग्रंथ व शास्त्रीय उपकरणे मागविली, काशीयात्रेतून हस्तलिखिते आणली, पूर्वजांचा सरस्वती महाल ग्रंथसंग्रह समृद्ध केला आणि देवनागरी छापखाना काढला. मिळविलेले ज्ञान त्यांनी कपाटात कोंडले नाही. 'देवेंद्र कुरवंजी' या त्यांच्या मराठी नाटकात भविष्य सांगणारी एक भटकी स्त्री पृथ्वीचा भूगोल वर्णन करते आणि सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांची कोपर्निकसची मांडणीही सांगते.

येथे आम्ही क्षणभर अंतर्मुख होतो. कोपर्निकस हा आमच्याच ख्रिस्तसभेचा कॅनन. त्याचा १५४३ चा ग्रंथ पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलेला. तरीही १६१६ साली, दुरुस्ती होईपर्यंत, त्यावर बंदी आली. निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतून तो वगळला गेला १८३५ साली. तेव्हा सरफोजीराजांना जाऊन तीन वर्षे झाली होती. आमच्या घरचे सत्य तंजावरच्या रंगभूमीवर आमच्या आधी मोकळे झाले होते.

राजांनी स्वधर्म सोडला नाही, तसा गुरूही विसरला नाही. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांचा हात हाती घेतलेले राजे, असे संगमरवरी शिल्प त्यांनी इंग्लंडच्या फ्लॅक्समनकडून घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले.

१८५५ साली ते नामधारी राज्यही खालसा झाले. ग्रंथसंग्रह मात्र टिकला आणि १९१८ पासून सर्वांसाठी खुला झाला. सत्य कोणाच्या दारातून आले हे न पाहता त्याचे स्वागत करावे, एवढा धडा आम्ही या राजाकडून घेतो. सूर्य आणि तारे ज्याने निर्मिले, त्याला यात कमीपणा कसला?