कपाटात मावणारे धुलाईघर

महानगरातील छोट्या सदनिकेत धुण्यासाठी स्वतंत्र खोली मिळणे दुर्मीळच. मात्र न्हाणीघरालगतच्या भिंतीशी कपाटवजा धुलाईघर करता येते. नळ व सांडपाण्याची वाट तेथे जवळ असते.

पुढून उघडणारे यंत्र साधारणतः ६० सेंटिमीटर रुंद व ८५ सेंटिमीटर उंच असते. मागील नळ्यांची जागा धरून कपाट ७० सेंटिमीटर खोल असावे. वर साबणाच्या चुऱ्यासाठी फळ्या बसवाव्यात. झाकण वरून उघडत असल्यास त्यावरची जागा मोकळी ठेवावी. दाराला झिलमिली हवी; अन्यथा दमट हवेने बुरशी धरते. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट नळापासून दूर, उंचावर घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फरशीखाली जलरोधक थर देऊन जमिनीला निचऱ्याच्या जाळीकडे उतार द्यावा. तेथे काटकसर केल्यास गळतीचा फटका खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला बसतो.