सुट्टीची यादी आणि जत्रेची तिथी



मये गावातल्या जुन्या घरांत वर्षअखेरीस नवी दिनदर्शिका आली की ती भिंतीवर लागण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या जातात. चवथ कधी आणि शिरगावची जत्रा कधी? मग वार पाहायचा, पुढेमागे रविवार जुळतो का ते पाहायचे आणि पेन्सिलीने एक गोल काढायचा. त्या गोलात घरातल्या नोकरदारांच्या वर्षभराच्या रजेचा हिशेब असतो. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये 'कालनिर्णय' सुरू केले, तेव्हापासून हा हिशेब एका पानावर मांडता येऊ लागला. हिशेब मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे आणि त्याच्याविषयीच मी आज बोलणार आहे.

सुट्टी आणि रजा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत अंतर आहे. सुट्टी सरकार देते, रजा आपल्याला मागावी लागते. आपल्या डिचोली महालावर निरनिराळ्या सत्ता आल्या आणि प्रत्येकीने आपापली सुट्ट्यांची यादी आणली. गावचे स्वतःचे दिवस त्यांपैकी कोणत्याही यादीत पुरते बसले नाहीत. तरीही ते दिवस टिकले, कारण माणसांनी आपसांत सोय लावून ते टिकवले.

डिचोली आणि सत्तरी 1781-82 मध्ये पोर्तुगिजांकडे गेल्या, पेडणे 1788 मध्ये गेले. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि सणांवर बंदी आली. नव्या काबिजादींच्या वाट्याला ते आले नाही. इथे देवस्थाने आणि रूढी पाळण्याची मुभा राहिली. मयेच्या शेजारचे नार्वे हे या फरकाचे साक्षीदार आहे. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून अलीकडे आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. पुढे 1886 मध्ये देवस्थानांच्या कारभाराचे नियम झाले आणि 1933 मध्ये ते नव्याने आले. महाजनांचे हक्क, उत्सव आणि मान देवस्थानांच्या लेखी नियमांत नोंदले गेले. अशा रीतीने गावची तिथी सरकारी कागदावर चढली. पण तो कागद देवस्थानाच्या दप्तरातला होता, कचेरीच्या सुट्ट्यांशी त्याचा संबंध नव्हता.

कचेरीची यादी बदलली ती 1910 मध्ये. पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि नव्या प्रजासत्ताकाने ऑक्टोबरातच धार्मिक सुट्ट्या रद्द करून पाच राष्ट्रीय दिवस ठरवले: 1 जानेवारी, 31 जानेवारी, 5 ऑक्टोबर, 1 डिसेंबर आणि 25 डिसेंबर. नाताळची तारीख तीच राहिली, पण तिला नाव मिळाले 'कुटुंबाचा दिवस'. त्याच हुकुमात आणखी एक कलम होते. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या भागातल्या परंपरागत आणि खास उत्सवांपैकी एक दिवस निवडून त्या दिवशी सुट्टी द्यावी, अशी मुभा त्यात होती. प्रत्येक भागाचा स्वतःचा असा एक दिवस असतो, हे मध्यवर्ती सत्तेने कायद्यात मान्य केले होते, म्हणून मला हे कलम मोलाचे वाटते. प्रजासत्ताकाबरोबर गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची दारेही उघडली. कचेरीत बसलेल्या माणसाला गावच्या उत्सवासाठी रजा मागण्याची वेळ आली, ती तेव्हापासून.

19 डिसेंबर 1961 नंतर तिसरी यादी आली. आपली आजची सार्वजनिक सुट्टी 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाखाली जाहीर होते. हा कायदा मुळात हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे केव्हा द्यायचे, हे ठरवण्यासाठी सुट्टी म्हणजे काय ते सांगावे लागले. थोडक्यात, आपली सुट्टी सावकारी व्यवहाराच्या पोटी जन्मली. तरी या यादीत गोव्याचा ठसा दिसतो. मुक्तिदिन आहे, 3 डिसेंबरचे सेंट झेवियरचे फेस्त आहे आणि चवथीला दोन दिवस आहेत. चवथीला घराकडे गेल्यावाचून गोवेकराला चैन पडत नाही, हे सरकारनेही ओळखले आहे.

पण चवथ साऱ्या गोव्याची आहे. लईराईची जत्रा साऱ्या गोव्यातून माणसे आणते, तरी ती शिरगावची. पेडण्याची पुनव पेडण्याची. राज्यभराच्या यादीत अशा दिवसांना जागा मिळत नाही.

लईराईचेच पाहू. लोककथेप्रमाणे त्या सात बहिणी. लईराई शिरगावात राहिली, केळबाई मुळगावात, मोरजाई मोरजीत आणि महामाया आपल्या मयेत. मिराबाई म्हापशाला गेली आणि मिलाग्र सायबीण झाली. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीची. मिलाग्रचे फेस्त ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी. ईस्टरही चंद्रावरच ठरतो, कारण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा तो रविवार असतो. म्हणजे दोन्ही बहिणींचे दिवस चंद्राच्या हाती आहेत. 2024 मध्ये मिलाग्रचे फेस्त 15 एप्रिलला आले आणि पंचमी 12 मेला, जवळजवळ महिन्याचे अंतर. 2025 मध्ये पंचमी 2 मेला आणि फेस्त 5 मेला, मध्ये अवघे दोन दिवस. त्या वर्षी जत्रेच्या पहाटे झालेली चेंगराचेंगरी आणि त्यात गेलेले जीव आपण विसरलेलो नाही. 2026 ची पंचमी 21 एप्रिलची. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ येत असल्याने 2027 मध्ये ती पुन्हा मे महिन्यात जाते.

तारखेने चालणाऱ्या कारखान्याला हे सरकणे समजत नाही. त्यात धोंडाला एक दिवस पुरत नाही. होमकुंडातून चालण्याआधी कित्येक दिवस त्याचे व्रत असते, वेगळे राहणे आणि सोवळ्याचे जेवण असते. डिचोलीत खाणी चालू होत्या तेव्हा अडचण आणखी मोठी होती. खाणीचा हंगाम पाऊस येईपर्यंतचा, म्हणजे पंचमी येई ती नेमकी शेवटच्या घाईत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या. मग मुले वेर्ण्याला, पुण्याला, आखाती देशांत गेली. तिथल्या साहेबाला पंचमी म्हणजे काय, इथपासून सांगावे लागते.

यावर उपाय काढला तो लोकांनीच. नाताळात किंवा फेस्ताला हिंदू सोबत्याने पाळी सांभाळायची, चवथीला आणि जत्रेला ख्रिस्ती सोबत्याने. घरातही तसेच. थोरल्याने चवथ घ्यायची, धाकट्याने जत्रा. ज्याचा मान त्याने यायचेच. ही देवघेव कोणत्याही राजपत्रात आलेली नाही. तिचा आधार शब्दाचा, आणि शब्द पाळला जात असे.

मयेला या हजेरीचे मोल अधिक आहे. इथली पुष्कळशी जमीन मयेच्या काउंटच्या नावावर होती. मुक्तीनंतर 1964 च्या कायद्याखाली ती निर्वासित मालमत्ता ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचे पाय ज्या मातीत होते ती त्यांच्या नावावर आली नाही. 2014 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. या साऱ्या काळात आपण इथले आहोत हे सांगायला अनेकांपाशी सनद नव्हती. उत्सवातली आपली जागा मात्र होती. कोर्टात ती चालली नसती, पण गावात चालत होती. म्हणून रजा नाकारली गेली की माणसाला फक्त एक सण चुकल्याचे दुःख होत नाही. गावातले आपले नाव पुसट झाल्यासारखे त्याला वाटते.

मग करायचे काय? जत्रेला सरकारी सुट्टी मागणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. राज्यभर सुट्टी झाली तरी पुण्यातल्या मुलाला ती लागू होणार नाही आणि धोंडाला एका दिवसाने भागणार नाही. गरज आहे ती आधी कळवण्याची. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली 1952 मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. के. ल. दफ्तरी आणि ज. स. करंदीकर ही आपली मराठी माणसे तिच्यात होती. तिच्या शिफारशींवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. तिने आपले सण बदलले नाहीत, पण तिथीचे गणित वर्षानुवर्षे आधी मांडता येते, हे त्या कामातून सर्वांना दिसले.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. प्रत्येक देवस्थानाने पुढच्या पाच वर्षांच्या उत्सवांच्या तारखा आणि ज्यांचे मान आहेत त्या घराण्यांच्या पाळ्या एका कागदावर छापून घरोघर द्याव्यात. बाहेरगावच्या मुलांना तो कागद जानेवारीत मिळावा, म्हणजे त्यांचा रजेचा अर्ज इतरांच्या आधी जाईल. आणि ज्या सोबत्याने आपल्यासाठी जत्रेच्या रात्री पाळी केली, त्याच्या सणाची तारीखही त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. त्या दिवशी पाळी आपली.