सहावं वैशिष्ट्य

परवा भाचीचा फोन आला. ती यंदा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, आमच्याच गावात, आणि तिनं समाजशास्त्र घेतलंय. "मावशी, तुझ्या जुन्या नोट्स आहेत का गं?" म्हणे. चाळीस वर्षांपूर्वीच्या नोट्स! मी म्हटलं, अगं त्या कधीच रद्दीत गेल्या. पण त्यातलं एक पान मला अजून तोंडपाठ आहे, ते फोनवरच म्हणून दाखवलं.

ते पान म्हणजे 'घुर्ये यांनी सांगितलेली जातिव्यवस्थेची सहा वैशिष्ट्ये'. समाजाचे खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खानपान व सामाजिक व्यवहारावरील निर्बंध, नागरी व धार्मिक हक्कांतील विषमता, व्यवसायनिवडीवरील बंधने, विवाहावरील निर्बंध. दहा मार्कांना हमखास.

मी १९८४ साली औरंगाबादच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. समाजशास्त्र घेण्यामागे फार विचार वगैरे नव्हता. सोपा विषय, गाइड मिळतं, आणि वर्ग दुपारी लवकर सुटतो. सर खुर्चीवर बसून नोट्स सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. व्यक्ती आणि समाज, प्राथमिक समूह, दर्जा आणि भूमिका, लोकरीती आणि लोकनीती. मॅकायव्हर, कूली, दुर्खीम अशी नावं यायची. मराठी माणसांत डॉ. गो. स. घुर्ये आणि इरावती कर्वे. घुर्ये मूळचे मालवणचे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. त्यांच्यानंतर १९२४पासून घुर्ये. त्यांचं जातीवरचं इंग्रजी पुस्तक १९३२चं, आणि आमच्या वहीतली सहा वैशिष्ट्यं त्यातलीच. आमच्या वहीपर्यंत येताना त्यातला घुर्यांचा अभ्यास गळून गेला होता आणि फक्त आकडे उरले होते, हा काही घुर्यांचा दोष नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) वर्गात जातीचा धडा चालू असायचा आणि कॉलेजच्या भिंतीबाहेर जात अक्षरशः रंगवलेली असायची. नामांतराच्या बाजूच्या घोषणा, नामांतराच्या विरुद्ध घोषणा, एकमेकींवर चुना फासलेल्या. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालचं. २३ ऑगस्टला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ला मंजूर केला, आणि मराठवाडा पेटला. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं. मी तेव्हा बारा वर्षांची. शाळा बंद होती म्हणून मला आनंद झाला होता, हे लिहितानासुद्धा लाज वाटते. ठराव मग बासनात गेला तो गेलाच. नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ला, तेही 'नामविस्तार' म्हणून, मधे 'मराठवाडा' ठेवून. सोळा वर्षं! नावावरून काय काय होतं हे आमच्या गावाला कुणी शिकवायला नको.

आमच्या घरी सगळे विरोधातले. आरडाओरड करणारे नव्हेत, पण जेवताना "कशाला हवंय आता बदलायला" म्हणणारे. काका तर विशेष.

वर्गात माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. तिचा भाऊ नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून मिलिंद महाविद्यालयात शिकत होता. मी जन्मापासून या गावात राहूनही नागसेनवनात कधी गेलेली नव्हते. आमच्या घरातून त्या बाजूला कुणी जातच नसे. ती माहिती मला तिच्याकडूनच मिळाली. मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतं, उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादच्या उस्मानियाकडे बघायचं, त्या काळात, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं हे कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. आणि नाव? मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, ज्यानं भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारले तो. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि उत्तरं देणाऱ्याचं नाव परिसराला. आमच्या वर्गात वर्षभरात कुणी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

एक दिवस तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक आणलं. महाराष्ट्र सरकारनं १९७९ साली काढलेला बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड, वसंत मून यांनी संपादित केलेला. (ठराव बासनात, पण पुस्तकं छापायची. सरकारचं असंच असतं.) म्हणाली, "पहिलाच निबंध वाच. सरांनी सांगितलं त्यापेक्षा वेगळं आहे."

माझं इंग्रजी बेताचंच. शब्दकोश घेऊन माडीवर बसून चार-पाच दिवस लागले. निबंधाचं नाव मराठीत सांगायचं तर 'भारतातील जाती: त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास'. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी वाचलेला. लिहिणारा विद्यार्थी पंचवीस वर्षांचा. बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर गेलेला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. म्हणजे मुंबईत समाजशास्त्राचा विभाग निघण्याच्याही आधी!

त्यात सेनार, नेसफील्ड, रिझली या युरोपीय पंडितांची मतं एकेक करून तपासलीत, आणि आपल्या केतकरांचंही. हो, तेच ज्ञानकोशकार. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेत शिकत असताना १९०९ साली जातींच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं होतं. (जातीबाहेर लग्न करता येत नाही असं लिहिणाऱ्या केतकरांनी पुढे स्वतः लग्न केलं ते एडिथ कोहन या परदेशी बाईंशी, त्याच शीलवतीबाई. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) केतकरांनी जातीची दोन लक्षणं दिली होती. जातीत जन्मलेलाच जातीचा, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लग्नं आतल्या आत ठेवली की बाहेरचा कुणी जन्मानं आत येणारच नाही.

मग खरा मुद्दा सुरू होतो. जात म्हणजे अंतर्विवाह. घुर्यांच्या यादीत जे सहावं, ते इथे एकमेव. आणि ते टिकवायचं कसं, तर हिशेबानं. एखाद्या गटाला आपली दारं बंद करायची असतील तर गटातल्या लग्नाच्या पुरुषांची आणि बायकांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नाहीतर उरलेलं माणूस बाहेर जोडीदार शोधणार. पण मरण काही जोडीनं येत नाही. नवरा आधी मेला की बाई 'जास्तीची' होते. तिचं काय करायचं? एक तर नवऱ्याबरोबर जाळायचं, नाहीतर जन्मभर विधवा ठेवायचं आणि तिच्याकडे कुणी बघणार नाही असं करून ठेवायचं. बायको आधी मेली की पुरुष जास्तीचा. पण पुरुषाला जाळता येत नाही, तो गटाला हवा असतो. त्याला संन्यासी करून ठेवावं तर गटाची वाढ खुंटते. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून मुलगी काढायची. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. तिन्ही एकाच हिशेबातून आलेले.

मी पुस्तक मिटलं आणि मला माई दिसल्या.

माई म्हणजे आमच्या आजोबांची बहीण, आमच्या आत्याआजी. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा. नवरा कसा दिसायचा तेही त्यांना आठवत नव्हतं. माहेरी परत आणून डोक्याचे केस काढले. तेव्हापासून लाल आलवण, पहाटे चारला उठून सोवळ्यातला स्वयंपाक, पापड, लोणची, बाळंतपणं. १९८१ साली गेल्या, पंचाहत्तरीत. घरात सगळे म्हणायचे, "माईंनी घरासाठी किती केलं." खरंच केलं. मी मात्र इतकी वर्षं त्यांना दुर्दैवी समजत होते. नशीब फुटकं, दुसरं काय. आणि इथे बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं नाव आमच्या घरात विद्यापीठाला नको होतं, मला सांगत होते की यात नशिबाचा काही संबंध नाही. न्यूयॉर्कमध्ये तो निबंध वाचला गेला तेव्हा माई दहा वर्षांच्या होत्या!

आमच्या गाइडमध्ये 'जातिव्यवस्था' हे एक प्रकरण होतं आणि 'स्त्रियांचे प्रश्न' हे खूप पुढचं दुसरं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्यात कुठे नव्हतं. आंबेडकरांचं नावही त्यात होतं म्हणा, 'समाजसुधारक व घटनेचे शिल्पकार' म्हणून, दोन ओळी. समाजशास्त्रज्ञ म्हणून नव्हतं. तेही औरंगाबादेत! पुण्याच्या शर्मिला रेगे याच निबंधापासून स्त्रीवादी वाचन मांडत होत्या, त्यांचं 'अगेन्स्ट द मॅडनेस ऑफ मनू' हे पुस्तक २०१३ साली आलं आणि त्याच वर्षी त्या गेल्या. मी ते वाचलं तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते.

निबंधातलं सगळंच मला पटलं असं नाही. एका गटानं दारं बंद केली आणि बाकीच्यांनी अनुकरण केलं, ही तार्द नावाच्या फ्रेंच पंडिताच्या आधारानं केलेली मांडणी मला आज फारच सौम्य वाटते. अस्पृश्यतेवर तर त्यात जवळजवळ काहीच नाही. वीस वर्षांनी, १९३६ साली 'जातिनिर्मूलन' लिहिणारा माणूस किती पुढे आला होता हे दोन्ही पाठोपाठ वाचलं की कळतं. भाचीला मी दोन्ही वाच म्हटलंय.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. मैत्रीण पुस्तक परत न्यायला आमच्या घरी आली. काकूनं चहा केला. माझा नेहमीच्या कपात, तिचा मोरीवरच्या फळीवर ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. ती काही बोलली नाही. चहा प्यायली, उठून मोरीत गेली, कप स्वतः विसळला आणि बरोबर त्याच फळीवर ठेवला. फळी कुठली हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. तिसरं वैशिष्ट्य, खानपानावरील निर्बंध, मला पाठ होतं. मी गप्प बसले. परीक्षेत सहाही वैशिष्ट्यं लिहिली, दहापैकी आठ मार्क मिळाले. ती पुढच्या वर्षी दुसऱ्या बाकावर बसायला लागली.

काकू आणि काका दोघंही आता नाहीत. घरातल्या कुणाला हे वाचून राग आला तर माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको.

भाचीला मी निबंध पाठवला. मराठी अनुवाद आता सहज मिळतो. सोबत माईंची गोष्टही लिहून पाठवली. दोन दिवसांनी तिचा परत फोन. तिच्या मॅडमनी घरातल्या एका स्त्रीवर टिपण लिहायला सांगितलंय आणि तिला माईंवर लिहायचंय.

"मावशी, त्यांचं नाव काय होतं?"

"माई."

"तसं नाही गं. खरं नाव."

मला सांगता आलं नाही. आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. पैठणच्या वाड्यातली जुनी रेशनकार्डं दादानं बघितली, त्यात 'माई' एवढंच आहे. माहेरचं एक आणि सासरचं एक, अशी दोन नावं असणार. नाशिकच्या किंवा हैदराबादच्या मंडळींपैकी कुणाला ठाऊक असेल, एखाद्या जुन्या पत्रात, पत्रिकेत सापडलं, तर मला लगेच फोन करा. तिला टिपण पुढच्या सोमवारी द्यायचंय.